गाळ्यातलं टोल्युइन: नव्या माणसाने पहिल्या दिवसापासून काय पाळायचं

रंग आणि थिनर, चपला-बुटांचं सोल्युशन, पिशव्यांवरच्या छपाईची शाई, रबराचे भाग. साकीनाका, कुर्ला, धारावी, गोरेगाव, पुढे वसई आणि तळोजा, जिथे जिथे ही कामं चालतात तिथे कोपऱ्यात टोल्युइनचा, म्हणजे रंग आणि सोल्युशन पातळ करणाऱ्या, लगेच उडून जाणाऱ्या द्रवाचा, ड्रम उभा असतो. नवीन लागलेला हेल्पर पहिल्याच दिवशी त्यातून कॅन भरायला लागतो आणि त्याला सूचना मिळते ती एकच: "इथे विडी-सिगरेट ओढायची नाही." सूचना बरोबर आहे, पण अपुरी आहे. टोल्युइनच्या आगी काडी ओढल्यानेच लागतात असं नाही. त्या कॅन भरताना लागतात, सकाळी दिव्याचं बटण दाबल्यावर लागतात, रिकामा ड्रम कापताना लागतात. म्हणून हा लेख जरा सविस्तर आहे. गाळ्याचा मालक, सुपरवायझर आणि हेल्पर, तिघांनीही तो वाचावा.

आधी वाफ समजून घ्या

द्रव टोल्युइन जळत नाही, त्याची वाफ जळते. ही वाफ पेट घेण्याइतकी तयार व्हायला ४ अंश सेल्सिअस तापमान पुरतं. मुंबईत पारा त्याच्या जवळपासही जात नाही, म्हणजे इथे बारा महिने, चोवीस तास, उघड्या टोल्युइनवर पेटू शकणारी वाफ असतेच.

हवेत ही वाफ साधारण १.१ ते ७.१ टक्के असेल तर ठिणगीने पेटते. त्याहून कमी असेल तर जाळ धरत नाही, त्याहून जास्त असेल तर हवा कमी पडते. आता हे नीट वाचा: ३० अंशाला बंद ड्रममध्ये द्रवाच्या वरच्या मोकळ्या जागेत वाफेचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणजे बरोबर पेटण्याच्या पट्ट्यात. पेट्रोलच्या टाकीत सहसा वाफ इतकी दाट असते की टाकीच्या आत स्फोट व्हायला हवाच पुरत नाही. टोल्युइनचं तसं नाही. साधारण ३७-३८ अंशांपर्यंत ड्रमच्या पोटात कायम स्फोटक मिश्रण भरलेलं असतं. पत्र्याखाली मे महिन्याच्या दुपारी ड्रम त्याहून तापला, तर आतली हवा तेवढ्या वेळेपुरती पट्ट्याबाहेर जाते. संध्याकाळी गार झाला की पुन्हा पट्ट्यात. "पेट्रोल हाताळलंय, हे काय त्यापेक्षा वेगळं" असं म्हणणाऱ्याला हा फरक माहीत नसतो.

दुसरी गोष्ट वजनाची. ही वाफ हवेच्या तिपटीहून जड आहे. ती वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही. जमिनीलगत पसरते, उंबरठ्यावरून बाहेर पडते, गटारात उतरते, खालच्या मजल्यावर जाते. चार गाळे पलीकडे कोणी वेल्डिंग करत असेल तर वाफ तिथे पोचून पेटते आणि ज्वाळा वाफेच्या वाटेने उलटी तुमच्या ड्रमपर्यंत येते.

हिशेब करून बघा. एक लिटर टोल्युइन पूर्ण उडालं की सुमारे २३० लिटर वाफ होते, आणि ती वीस घनमीटर हवा पेटण्याच्या किमान पातळीला नेऊ शकते. १० बाय १२ फुटांचा, १० फूट उंचीचा गाळा म्हणजे ३४ घनमीटर. पावणेदोन लिटर सांडून उडालं की हिशेबाने अख्खा गाळा पेटायला तयार. प्रत्यक्षात वाफ खालीच साचते, त्यामुळे घोट्याच्या उंचीवर ती पातळी याच्या कितीतरी आधी येते.

पायरी १: किती ठेवायचं आणि कशाच्या आधारावर

टोल्युइन हा द्रव हायड्रोकार्बन आहे, त्यामुळे १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात तो येतो, आणि २३ अंशांखाली पेट घेणारा म्हणून 'अ' वर्गात बसतो. विक्रीसाठी नसलेला 'अ' वर्गाचा माल विनापरवाना ठेवायची मर्यादा एकूण ३० लिटर आहे. तोही घट्ट झाकणाच्या भांड्यात: काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर एक लिटरपर्यंतचं, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंतचं. २०० लिटरचा एक ड्रम आणला की ही मर्यादा केव्हाच ओलांडली. त्यासाठी पेट्रोलियम नियम, २००२ प्रमाणे परवाना लागतो, मोठ्या साठ्याला 'पेसो' या केंद्रीय यंत्रणेचा. शिवाय मुंबईत ज्वालाग्राही मालाचा साठा महापालिका अधिनियमाच्या कलम ३९४ खाली परवान्याच्या कक्षेत येतो आणि अग्निशमन दलाच्या अटी पाळाव्या लागतात.

पण परवाना असला तरी आमचं ठाम मत आहे की कामाच्या जागी एका दिवसाला पुरेल एवढंच टोल्युइन असावं. दिवसाला १५ लिटर लागत असतील तर कामाच्या टेबलापाशी १५ लिटरचाच धातूचा कॅन. ड्रम वेगळ्या खोलीत किंवा बाहेरच्या बंदिस्त जागेत. भाड्याचा गाळा लहान आहे, जागा नाही, ही अडचण खरीच असते. मग ड्रम घेऊच नका, वीस लिटरचे सीलबंद धातूचे डबे लागतील तसे मागवा. दर थोडा जास्त पडेल.

माल घेताना विक्रेत्याकडून एसडीएस म्हणजे सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्या. त्यात १६ भाग असतात. भाग ४ प्रथमोपचाराचा, ५ आगीचा, ६ सांडण्याचा, ७ साठवणुकीचा. हे चार भाग मराठी-हिंदीत लिहून भिंतीवर लावा. ड्रमवर लाल चौकटीतलं ज्वाळेचं चिन्ह आणि युएन १२९४ हा क्रमांक असायला हवा. लेबल नसलेला, पुनर्भरलेला, "सेम माल आहे" म्हणून दिलेला स्वस्त ड्रम परत पाठवा. अशा मिश्र सॉल्व्हंटमध्ये बेंझीन असू शकतं, आणि बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो.

आणि मशीद बंदरच्या बाजारातून पाच लिटरचा कॅन पिशवीत घालून लोकल पकडायची नाही. रेल्वेत असा धोकादायक माल नेणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा बाजूला ठेवा. संध्याकाळी सहाच्या गर्दीच्या डब्यात तो कॅन फुटला तर काय होईल एवढाच विचार करा.

पायरी २: जागा

ड्रम उभा, बूच वर, सावलीत. भरलेल्या ड्रममध्ये सुमारे १७३ किलो द्रव असतो, ड्रमचं वजन धरून १९० किलोच्या आसपास. एकट्याने तो कलता करून गडगडवत नेऊ नका, ड्रमची ट्रॉली वापरा.

ड्रमभोवती सिमेंटचा बांध घाला. नियम असा की सर्वात मोठ्या भांड्याच्या ११० टक्के माल त्यात मावला पाहिजे. एका ड्रमसाठी १.२ मीटर बाय १.२ मीटर आणि आतून १६ सेंटिमीटर उंच बांध घेतलात तर २३० लिटर मावतात, तेवढं पुरतं. बांधाला गटाराकडे जाणारं भोक नको. पावसाळ्यात बांधात पाणी साचतं आणि त्याची क्षमता संपते, म्हणून रोज सकाळी बघून पाणी काढा, पण वास आणि तवंग तपासूनच.

पावसाचा मुद्दा इथेच संपत नाही. टोल्युइनची घनता ०.८७ आहे. पाण्यात ते विरघळत नाही, वर तरंगतं. एवढंच नाही, तर काठोकाठ भरलेला बंद ड्रमसुद्धा पाण्यात तरंगतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. मिठी नदीच्या आसपासच्या सखल भागात गाळा असेल तर जूनच्या आधी ड्रम उंच ओट्यावर घ्या आणि भिंतीतल्या कडीला पट्ट्याने बांधा. पाण्यावर वाहत गेलेला ड्रम कुठे आदळेल आणि कुठे फुटेल, सांगता येत नाही.

हवा खेळती ठेवायची तर खाली ठेवा. छताजवळचा एक्झॉस्ट पंखा टोल्युइनसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. ओढून घेणारं तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटरच्या आत हवं आणि समोरच्या बाजूने ताजी हवा आत यायला वाट हवी. पंख्याची मोटर फ्लेमप्रूफ असावी, म्हणजे आतली ठिणगी किंवा जाळ बाहेरच्या वाफेपर्यंत पोचू न देणारी. दुकानातला साधा पंखा वाफ ओढतो आणि स्वतःच्या मोटरच्या ठिणगीवरून नेतो.

माळ्यावर ड्रम नको, जिन्याखाली नको, दाराच्या वाटेत नको. ज्या गाळ्यात टोल्युइन आहे तिथे रात्री कोणीही झोपायचं नाही. कारागीर जमिनीवर अंथरूण टाकतात, आणि वाफही जमिनीवरच असते. ही अट आम्ही कुठल्याही कारणाने सैल करणार नाही.

पायरी ३: ठिणगी शोधून बाहेर काढा

टोल्युइनची वाफ पेटवायला ०.२४ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. दाराच्या कडीला हात लावल्यावर बोटाला टच्‌कन जाणवणारी ठिणगी याच्या अनेक पट मोठी असते. म्हणजे जाणवतही नाही अशा ठिणगीने काम होऊ शकतं. आता गाळ्यात फिरून बघा.

देव्हाऱ्यातला दिवा आणि अगरबत्ती. कोणाच्या श्रद्धेला धक्का न लावता देव्हारा त्या खोलीतून बाहेर, दर्शनी भागात हलवता येतो, आणि मोकळेपणाने समजावलं तर माणसं ऐकतात. चहाची शेगडी, इंडक्शन, किटली. मोबाइल आणि त्याचा चार्जर. पावसाळ्यात प्रत्येक गाळ्यात असते ती मच्छर मारायची रॅकेट, जिचं कामच ठिणगी पाडणं आहे. फ्रिज आणि इन्व्हर्टर, जे कोणी हात न लावता रात्री आपोआप चालू-बंद होतात. ग्राइंडर, ड्रिल, बॅटरीवरची स्कूटर चार्ज करणं. यातलं काहीही टोल्युइनच्या खोलीत नको.

दिवे आणि बटणं फ्लेमप्रूफ हवीत, टोल्युइनसाठी ती दोन-ए (IIA) वायुगटाची चालतात. खर्च जास्त वाटत असेल तर सोपा उपाय हा की बटणं खोलीबाहेरच्या भिंतीवर घ्या आणि खोलीत जाड काचेच्या बंद खिडकीमागून बाहेरचा प्रकाश पाडा. पण फ्लेमप्रूफ दिव्याचा एक जरी बोल्ट गायब असला, किंवा वायर जिथे आत शिरते तिथली ग्लँड ढिली असली, तर तो साधा दिवा झाला असं समजा. महागडा दिवा बसवून नंतर बल्ब बदलताना चारपैकी दोन बोल्ट न लावणं, हे फार ठिकाणी दिसतं.

सकाळची पद्धत ठरवून टाका. शटर पूर्ण वर, मागची खिडकी उघडी, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग मेन स्विच. रात्रभर बंद गाळ्यात कोणाचं झाकण सैल राहिलं असेल तर ते दिवा लावण्याआधी कळलं पाहिजे.

पायरी ४: ड्रममधून कॅनमध्ये काढणं

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. टोल्युइन विजेचं अत्यंत मंद वाहक आहे. पाइपमधून वाहताना, गाळणीतून जाताना, वरून पडून उडताना त्यात स्थिर विद्युतभार तयार होतो आणि तो सहज निघून जात नाही. भरत आलेल्या कॅनच्या तोंडाशी पेटणारी वाफ असते आणि तिथेच ठिणगी उडते. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दुपारी अंगावरच्या कपड्यांचा भारही यात भर घालतो. पण पावसाळ्यात दमट हवा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. हवेतला ओलावा द्रवाच्या आतला भार काढत नाही.

क्रम असा. आधी ड्रमला अर्थिंगचा क्लॅम्प. नंतर ड्रम आणि कॅन यांच्यात दुसरी तार, म्हणजे बॉन्डिंग. हे दोन्ही बूच उघडण्याआधी. क्लॅम्पचे दात रंगावर बसले तर काही उपयोग नाही. ड्रमच्या वरच्या काठावर रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत करून घ्या (नवा, न उघडलेला ड्रम असताना, उघड्या जागेत) आणि क्लॅम्प तिथेच लावा. दात त्या उघड्या धातूत रुतलेले दिसले पाहिजेत, हाताने हलवल्यावर घसरता कामा नयेत. महिन्यातून एकदा, खोलीत वाफ नसताना, मल्टिमीटरने क्लॅम्पपासून अर्थिंगच्या पट्टीपर्यंत रोध मोजा. स्थिर वीज निघून जायला खरं तर एक मेगाओहमपर्यंत चालतं, पण चांगल्या धातूच्या जोडाचा आकडा १० ओहमच्या आतच येतो. त्याहून जास्त आला तर कुठेतरी गंज, रंग किंवा तुटकी तार आहे. नळाच्या पाइपला अर्थिंग जोडू नका. आजकाल भिंतीतला पाइप प्लास्टिकचा असतो.

मग बूच. ड्रमवर दोन असतात, एक दोन इंची, एक पाऊण इंची. उन्हात राहिलेला ड्रम आधी सावलीत गार होऊ द्या; आत दाब असेल तर झाकण फुगलेलं दिसतं. पाऊण इंची बूच पितळी पान्याने अर्धा फेरा सैल करा, फुस्स आवाज थांबेपर्यंत थांबा, आपला चेहरा बाजूला ठेवा. छिन्नी-हातोडीने बूच ठोकायचं नाही.

काढायला धातूचा हातपंप आणि वीज वाहून नेणारी नळी घ्या. नळी कॅनच्या तळाला टेकली पाहिजे. वरून धार सोडली की द्रव उडतो आणि भार वाढतो. सुरुवातीला, नळीचं टोक बुडेपर्यंत, प्रवाह सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी ठेवा. हातपंपाला याचा अर्थ एवढाच की पहिले आठ-दहा झटके अगदी हळू. कॅन ९५ टक्के भरला की थांबा, कारण तापमान १५ अंशांनी वाढलं तर २०० लिटरचे जवळजवळ सव्वातीन लिटर वाढतात. पंप थांबल्यावर अर्धा मिनिट काहीही हलवू नका, भार निघून जाऊ द्या. मग नळी बाहेर, कॅनचं झाकण, ड्रमचं बूच, आणि सगळं बंद झाल्यावरच बॉन्डिंगची तार काढा. तार आधी काढणं आणि झाकण नंतर लावणं ही चूक घाईत होते आणि तीच महागात पडते.

काही गोष्टी पूर्ण बंद. तोंडाने नळी ओढून सायफन करायचा नाही. टोल्युइनचा एक घोट फुफ्फुसात गेला तरी रासायनिक न्युमोनिया होतो. ड्रममध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडून माल बाहेर ढकलायचा नाही. ड्रम त्या दाबासाठी बनलेला नसतो आणि तुम्ही आत ताजी हवाही भरता. प्लास्टिकच्या बादलीत काढायचं नाही, कारण प्लास्टिकला अर्थिंग करता येत नाही. प्लास्टिकच्या कॅनवर धातूचं नरसाळं ठेवणं त्याहून वाईट: नरसाळं कशालाही न जोडलेलं राहतं, भार साठवतं आणि एका झटक्यात सोडतं. पाण्याच्या बाटलीत तर कधीच नाही. दिसायला ते पाण्यासारखंच आहे, आणि कोणीतरी पितं.

हे काम करणाऱ्याच्या अंगावर सुती कपडे हवेत, पायात वीज जमिनीत सोडणारे अँटिस्टॅटिक बूट. रबरी स्लिपर घातलेला माणूस जमिनीपासून तुटलेला असतो. काम सुरू करण्याआधी उघड्या हाताने अर्थिंगच्या पट्टीला स्पर्श करायची सवय लावा.

पायरी ५: श्वास आणि हात

टोल्युइनचा वास लवकर येतो, पण थोड्या वेळात नाक मरतं आणि वास येईनासा होतो. "वास गेला, म्हणजे हवा साफ झाली" हा समज घातक आहे. डोकं दुखणं, चक्कर, उगाच हलकं-हलकं वाटणं, जीभ जड होणं ही लक्षणं दिसली की त्या माणसाला बाहेर काढा. वर्षानुवर्षं श्वासातून गेलं तर मेंदू, ऐकण्याची शक्ती आणि रंग ओळखण्याची नजर यांवर परिणाम होतो. गरोदर बाईला या कामावर ठेवू नका, गर्भाला इजा होऊ शकते.

एसीजीआयएच या अमेरिकी संस्थेने आठ तासांच्या कामासाठी दिलेली मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत २० भाग आहे. मघाच्या ३४ घनमीटरच्या गाळ्यात तीन मिलिलिटर टोल्युइन उडालं की ही पातळी गाठली. पाचशे भागांना जिवाला तात्काळ धोका मानतात. गॅस मीटर घेतला असेल तर हे ध्यानात ठेवा: तो बहुधा पेटण्याच्या किमान पातळीच्या १० टक्क्यांवर वाजतो, म्हणजे सुमारे ११०० भागांवर. मीटर गप्प आहे म्हणजे आग लागणार नाही एवढंच कळतं, श्वास घेण्याजोगी हवा आहे हे नाही. शिवाय मिथेनवर कॅलिब्रेट केलेला मीटर टोल्युइन बरंच कमी दाखवतो. विक्रेत्याकडून टोल्युइनचा गुणक, म्हणजे दिसणारा आकडा कितीने गुणायचा ते, विचारून घ्या.

कापडी मास्क, रुमाल, एन-९५, यांपैकी काहीही वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचं काडतूस लावलेला अर्धा मुखवटा हवा, आणि वास आत यायला लागायची वाट न बघता काडतूस ठरलेल्या तासांनी बदला. काम नसताना ते हवाबंद पिशवीत ठेवा, नाहीतर ते खुंटीवर लटकून गाळ्यातली वाफ शोषत बसतं. दाढी असेल तर मुखवटा चेहऱ्याला बसत नाही.

हातमोज्यांत सर्रास फसवणूक होते. निळे नायट्राइल मोजे टोल्युइनला काही मिनिटंच थोपवतात, साधे रबरी तर फुगून येतात. सतत हात लागणार असेल तर व्हायटॉन या खास रबराचे किंवा अनेक पदरी लॅमिनेटचे घ्या. पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे मोजे टोल्युइनला उत्तम, पण पाणी लागलं की विरघळतात, त्यामुळे मुंबईच्या पावसाळ्यात आम्ही ते सुचवत नाही. थोडं शिंतोडं उडण्यापुरते नायट्राइल चालतील, मात्र भिजले की लगेच काढून टाका. आणि टोल्युइनने हात धुवायचे नाहीत. रंग निघतो खरा, पण त्वचेतलं तेलही निघतं, भेगा पडतात आणि पुढच्या वेळी जास्त आत जातं.

सांडलं तर

पहिला आवाज: "सांडलंय, बाहेर." दुसरी गोष्ट: एकही बटण दाबायचं नाही, चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. बंद करतानाही ठिणगी पडतेच. वीज तोडायची तर गाळ्याबाहेरच्या मेनवरून. शेजारच्या गाळ्यांना सांगा, विशेषतः जिथे वेल्डिंग किंवा शेगडी आहे तिथे. दारं-खिडक्या उघडा.

अर्धा-एक लिटर असेल आणि हवा खेळती असेल तर मुखवटा लावून कडेने मधे कोरडी वाळू टाकत या. गटाराच्या तोंडापाशी वाळूचा बांध आधी घाला. भिजलेली वाळू लाकडी किंवा पितळी फावड्याने झाकणाच्या धातूच्या डब्यात भरा. लाकडाचा भुसा वापरू नका, तो स्वतःच इंधन होतो. पाणी ओतून धुवायचं नाही, टोल्युइन पाण्यावर स्वार होऊन गटारात जाईल. याहून जास्त सांडलं असेल तर सगळ्यांनी बाहेर आणि १०१ ला फोन, तोही लांब जाऊन.

अंगावरचे कपडे भिजले असतील तर आधी त्यांवर भरपूर पाणी ओता, मग काढा. कोरडे ओढून काढताना कापडावर भार तयार होतो. डोळ्यांत गेलं तर वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं. गिळलं तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका, थेट रुग्णालय. १०८ ला फोन. वाफेने कोसळलेल्या माणसाला ओढायला एकट्याने श्वास रोखून आत शिरू नका, तसे दोघं पडतात. बाहेर आणलेल्याला चालवू, पळवू नका, आडवं ठेवा, कारण टोल्युइनमुळे हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात.

आग लागली तर

डीसीपी म्हणजे कोरड्या पावडरचा सहा किलोचा आणि फोमचा नऊ लिटरचा, असे दोन्ही सिलिंडर दाराबाहेर टांगलेले हवेत, ड्रमजवळ नव्हे. पावडर जाळ झटकन दाबते, पण द्रव गरम असतो आणि पुन्हा पेटतो. त्यावर फोमचा थर हवा. पाण्याचा झोत टोल्युइनला पसरवतो. पेटलेला कॅन उचलून बाहेर पळायचं नाही. झाकण सरकवून तोंड बंद करता येत असेल तर तेवढंच करा.

सिलिंडर वापरताना पाठ दाराकडे हवी. एक सिलिंडर संपला आणि आग आहेच, किंवा ज्वाळा ड्रमला चाटायला लागल्या, तर सिलिंडर टाका आणि निघा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं नळाचं पाणी. टूथपेस्ट, शाई, बर्फ काही नाही, चिकटलेलं कापड ओढायचं नाही.

रिकामा ड्रम

भरलेल्या ड्रमपेक्षा रिकामा ड्रम जास्त घातक, आणि नेमका तोच निष्काळजीपणे हाताळला जातो. २०० लिटरच्या ड्रममध्ये स्फोटक मिश्रण व्हायला तळाशी अकरा मिलिलिटर टोल्युइन उरलेलं पुरतं, म्हणजे चहाचे दोन-सव्वादोन चमचे. ड्रम उलटा करून "सगळं गळलं" म्हणतो तेव्हा तळाच्या खाचेत याहून जास्त उरलेलं असतं. त्यावर कटर किंवा वेल्डिंगचा दांडा लागला की झाकण गोळीसारखं सुटतं. पाण्याची टाकी करायला, भट्टी करायला, कचऱ्याचा डबा करायला ड्रम कापून देतो म्हणणाऱ्याला ड्रम देऊ नका. आठवडाभर उघडा ठेवला, पाण्याने विसळला, तरीही नाही. पाण्यात टोल्युइन विरघळत नाही, त्यामुळे विसळण्याने ते जात नाही. धातूच्या खाचांत, गंजाखाली, शिवणीत राहिलेलं तापलं की पुन्हा बाहेर येतं.

रिकामा झालेला ड्रम भरलेल्यासारखाच ठेवा. दोन्ही बुचं घट्ट, लेबल तसंच, सावलीत, बांधाच्या आत. माल देणारा ड्रम परत घेत असेल तर त्यालाच द्या. नाहीतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या ड्रम साफ करणाऱ्याकडे पाठवा आणि पावती ठेवा. वापरलेलं टोल्युइन आणि भिजलेली वाळूही याच वाटेने, अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे किंवा तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात. मोरीत ओतायचं नाही. पुसलेल्या चिंध्या स्वतः बंद होणाऱ्या झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका आणि रोज संध्याकाळी गाळ्याबाहेर काढा. टोल्युइनच्या चिंध्या आपोआप तापत नाहीत, पण त्यांवर अळशीच्या तेलाचा रंग किंवा वार्निश लागलं असेल तर ढिगात ठेवल्यावर त्या स्वतःहून पेटतात. अशा चिंध्या पाण्यात बुडवूनच डब्यात टाका.